उकार

एकतीस वर्षं फोर्टातल्या एका छापखान्यात
मी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले.
लग्नपत्रिका, पंचांगं, पतपेढ्यांचे अहवाल.
एकदा कुणाच्या गौरवग्रंथात
'सुत'चा 'सूत' झालेला
मशीन सुरू व्हायच्या आधी पकडला,
त्याबद्दल मालकांनी चहा पाजला होता.

आता उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूची साय
आणि समोर भाचीचा लॅपटॉप.

ऊर्मी. ऊ दीर्घ, मीवर रफार.
नाव मीच सांगितलं होतं फोनवरून,
लूटनच्या इस्पितळात ती जन्मली त्या रात्री.
पासपोर्टात नुसता यू.
ऱ्हस्व की दीर्घ, तिथल्या कारकुनाला काय त्याचं.

अकराव्या वर्षी आईबरोबर माहीमला आली:
दोन बॅगा, एक इस्त्री
जिची जाड पिन आमच्या भिंतीत आजही बसत नाही.

फॉर्म विचारतो, नागरिकत्व?
ब्रिटिश.
पत्ता?
शितळादेवीच्या मागे, तिसरा मजला.
घरात सर्वांत आधी बोललेली भाषा?
ती थांबते.
'मामा, माझा पहिला शब्द कुठला?'
मी आत हाक मारतो.
कुकरच्या शिट्टीमागून तिची आई सांगते,
'नको.'
'नको काय?'
'अगं, शब्दच तो. नको.'
मग मराठी, असं ऊर्मी टाइप करते.

लूटनला परत शिकायला जावं
तर मधली वर्षं तिथं राहिली नाही,
म्हणून फी परक्यांची.
इथं परदेशस्थ म्हणून एक वेगळी पुस्तिका.
अमेरिकेत परकीच.
'ते निदान पहिल्या पानावर सांगून टाकतात,'
ती म्हणते, आणि पोह्यांतले दाणे
नेहमीसारखे शेवटी खायला बाजूला काढते.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
मला वाटलं होतं, वडिलांवर असेल.
तो किल्लीवर आहे.
लूटनला शेजारच्या ऑकलीआजोबांकडे
यांच्या घराची जादा किल्ली असायची.
निघताना परत घ्यायची राहिली.
त्या घरात आता दुसरे लोक,
कुलूपही बदललं असणार,
किल्ली मात्र त्यांच्या ड्रॉवरात असेल, बॅटऱ्यांशेजारी.
इथं आमची किल्ली डिमेलोबाईंकडे, खिळ्याला.
एवढंच. पुढं काही शिकवण वगैरे नाही.
मी चष्मा पुसला. मोतीबिंदू.

मग ती यू काढायला बसली.
कलरमधला, ऑनरमधला, फेवरमधला.
'तिकडे लावत नाहीत, मामा.
सर म्हणाले, ठेवलास तरी चालेल.
पण कशाला उगाच.'

कशाला उगाच.
हे दोन शब्द मी याआधी ऐकलेत,
बहिणीच्या तोंडून, विमानतळावर,
हिरवा चुडा काढून पर्समध्ये टाकताना.

'माझ्या नावातलापण काढतील का?'
ती हसत होती. मी मनात काढून पाहिला.
र्मी.
असं अक्षर सुरुवातीला कोण उच्चारणार.

मुदत एक तारखेच्या मध्यरात्रीला एक मिनिट कमी.
मध्यरात्र तिकडची.
आमची दोन तारीख, सकाळचे दहा एकोणतीस,
खाली बोंबील घेऊन कोळीण आलेली,
डिमेलोबाई भाव पाडतायत.

मला शेवटची नजर टाकायला दिली होती आदल्या रात्री.
सवयीनं पेन्सिल हातात, पडद्यावर काय उपयोग तिचा.
चौथ्या परिच्छेदात,
ऑकलीआजोबांच्या अलीकडे,
'नेबर'मध्ये एक यू राहिला होता.

दहा सव्वीसला तिनं बटण दाबलं.
पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.
तिची आई ओल्या हातांनीच बाहेर आली.
'मामा, सगळं नीट होतं ना?
नीट वाचलंत ना?'

वाचलं, म्हणालो.
अक्षर न् अक्षर.